आवाजाचा उतारा



ज्या गावात आपण आज जमलो आहो, त्या बारामतीत कविवर्य मोरोपंतांनी आपले बहुतेक आयुष्य घालविले आणि १७९४ साली येथेच देह ठेवला. नाईकांच्या वाड्यात ते पुराण सांगत. त्यांची सहस्रावधी आर्या आपल्या हाती आहे. पण पंतांचा आवाज कसा होता, हे आज कोणालाही सांगता यावयाचे नाही. तो जाड होता की बारीक, पुराण सांगताना ते कोठे थांबत, कोणत्या शब्दावर जोर देत, यांपैकी काहीच कागदावर उतरलेले नाही. अक्षर राहिले आणि आवाज गेला.

आता येथून इंदापूरकडे चला. बार्शीच्या एका गरीब घरात १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो गिरणीकामगार झाला, चळवळीत आला आणि शाहीर अमर शेख या नावाने साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हजारोंच्या सभा आपल्या गळ्यावर तोलून धरल्या. १९६९ च्या ऑगस्टमध्ये इंदापूरजवळ अपघात झाला आणि तो गळा कायमचा थांबला. आमचा जन्म त्यानंतरचा. आम्ही त्यांना ऐकले ते आमच्या वडिलांच्या तोंडून. वडील म्हणत, "शाहीर उभा राहिला की भोंग्याची गरज नसे. पाठीमागच्या झाडावरच्या पोरालाही शब्द न् शब्द कळे."

पुढे आम्हांला त्यांचे ध्वनिमुद्रण मिळाले. संगणकावर लावले. वडील अर्धा मिनिट ऐकत बसले आणि म्हणाले, "हा तो नव्हे."

श्रोतेहो, आजचे आमचे व्याख्यान म्हणजे या तीन शब्दांचा शोध आहे. आवाज शाहिराचाच होता. मग तो वाटेत कोठे गेला? आम्ही शाळा नववीत सोडलेली. युनियनच्या कामात तीस वर्षे गेली. ध्वनिशास्त्र आम्हांला कोणी शिकविले नाही. परंतु साखर कारखान्याच्या कामगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: उसातली साखर कारखाना तयार करीत नाही, ती फडातच तयार झालेली असते. तोडणीला उशीर, वाहतुकीला उशीर, गव्हाणीपाशी गाड्यांची रांग, चोथ्यात राहिलेला रस, मळीत गेलेली साखर, असे होत होत जे उरते तो उतारा. कोणताही कारखाना उसात होती त्याहून अधिक साखर काढू शकत नाही. फार तर कमी सांडू शकतो. आवाजाचेही तेच आहे. म्हणून आपण फडापासून निघू.

आवाज पकडून ठेवण्याची विद्या एडिसनने १८७७ साली दाखविली आणि बर्लिनरने दहा वर्षांनी तिला चपट्या तबकडीचे रूप दिले. हिंदुस्थानात १९०२ साली गाइसबर्ग हा साहेब यंत्र घेऊन कलकत्त्यास आला व त्याने गौहरजान आदी कलावंतांचे गाणे मुद्रित केले. सुरुवातीस तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून परत येत. १९०८ साली कलकत्त्यातच छापखाना निघाला. गंमत अशी की तबकडीला लागणारी लाख मुळात आपल्याच देशाची. म्हणजे माल आपला, गळा आपला, छाप परदेशाची आणि विकत घेणारे पुन्हा आपणच. कामगार चळवळीतल्या माणसाच्या हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही!

त्या काळी विजेचा ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. त्या ताकदीने एक सुई हले आणि मेणावर रेघ कोरी. खर्जातले आणि फार बारीक स्वर त्या रेघेत उतरतच नसत. १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले तेव्हा ही खोट पुष्कळ भरून निघाली. तबकडीच्या एका बाजूस वेळ जेमतेम तीन मिनिटे. तेवढ्यात बडा ख्यालही बसवावयाचा आणि नाट्यपदही.

परंतु याहून मोठा घोटाळा वेगाचा आहे. या तबकड्यांना आपण 'अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या' म्हणतो, कारण त्या मिनिटाला ७८ फेरे घेतात असे धरले आहे. पण सुरुवातीच्या कित्येक तबकड्या ७८ ने मुद्रित झालेल्याच नाहीत. कोणी सत्तराच्या आसपास तर कोणी ऐंशीच्या वर. आता ७२ फेऱ्यांची तबकडी ७८ ने लावली तर सारे स्वर शेकडा ८ ने वर चढतात. एक अर्धा स्वर म्हणजे शेकडा सुमारे ६. म्हणजे काळी एक मध्ये गाणारे बुवा काळी दोनच्या वाटेला लागले, ताना अधिक चपळ वाटू लागल्या, आणि ऐकणारा म्हणतो, "काय हो, आवाज किती पातळ होता यांचा!" बुवांची अब्रू गेली ती एका चकतीच्या घाईमुळे. त्यात घरघर काढण्यासाठी कितीही उपाय करा. वेग आधी बरोबर केला नाही तर तुम्ही फक्त चुकीचा आवाज स्वच्छ करीत आहा.

यानंतरचा मुक्काम फितीचा. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली आणि आवाज साठविण्याचे साधन प्रथमच गरिबाच्या हाती आले. तबकडी काढावयास कंपनी लागे. कॅसेटला एक यंत्र आणि दोन बोटे पुरत. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी, लग्नातल्या वरातींनी, आणि आमच्यासारख्या युनियनवाल्यांनीही कॅसेटी भरल्या. आमच्या कचेरीत पत्र्याची एक पेटी आहे. तीत द्वारसभांच्या कॅसेटी आहेत: पाळी सुटण्याच्या वेळी फाटकापाशी घेतलेल्या सभा, बोनसच्या वेळची भाषणे, आणि आता हयात नसलेल्या कित्येक सोबत्यांचे आवाज. त्यांतल्या बहुतेकांचे छायाचित्रही कोठे नाही. त्यांचे जे काही जगात उरले आहे ते त्या पेटीत.

काही वर्षांपूर्वी आम्ही ठरविले की या कॅसेटी संगणकात उतरवून घ्याव्या. शहरातल्या एका दुकानदाराकडे चार कॅसेटी दिल्या. त्याने आठ दिवसांनी चकती हातात ठेवली आणि अभिमानाने सांगितले, "सगळी खरखर काढून टाकली." ऐकतो तो काय! सोबती जणू विहिरीच्या तळातून बोलत होता. 'स' आणि 'श' गेले होते. आणि वक्त्याने "मान्य आहे का?" असे विचारल्यावर जो हजार गळ्यांचा होकार उठावयाचा, त्या जागी फक्त एक मऊ पोकळी होती. दुकानदाराच्या यंत्राने कामगारांना खरखर समजून पुसून टाकले होते.

त्याचा दोष आम्ही एकट्याच्या माथी मारीत नाही. आम्हीही न विचारता दिले. पण त्या दिवसापासून आम्ही हा विषय शिकावयास बसलो. आमच्या कचेरीतला एक तरुण सोबती संगणक जाणणारा. त्याने पहिला धडा दिला तो संगणकाचा नव्हताच. कॅसेट वाजविणाऱ्या यंत्रात एक लहानसे डोके असते, ते फितीशी अगदी काटकोनात असावे लागते. ते केसभर कलले की बारीक स्वर एकमेकांना मारतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. त्या डोक्याशेजारी एक चिमुकला स्क्रू असतो. मूळ कॅसेट लावून, कान देऊन, तो स्क्रू थोडा थोडा फिरविला आणि एका क्षणी सोबत्याचा 'श' परत आला! "शेतकरी-कामगार" हा शब्द वीस वर्षांनी आम्ही पुन्हा स्वच्छ ऐकला. दोन रुपयांच्या पेचकसाने जे काम केले ते पुढे कोणत्याही आज्ञावलीने केले नसते, कारण जे संगणकात शिरलेच नाही ते संगणक कोठून आणणार?

आता संगणकाकडे येऊ. संगणकाला आवाज कळत नाही, आकडे कळतात. म्हणून आवाजाच्या लाटेची उंची सेकंदातून हजारो वेळा मोजावयाची आणि ते आकडे लिहून ठेवावयाचे. किती वेळा मोजावे? नायक्विस्ट याने १९२८ साली आणि शॅननने १९४९ साली याचे गणित मांडले: जो सर्वांत बारीक स्वर टिपावयाचा, त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले तर काहीच हरवत नाही. माणसाचा तरुण कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून १९८२ साली सीडी आली तेव्हा सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांचे माप ठरले. काटा उत्तम होता. अडचण सुरू झाली ती काट्यावरून माल हलविल्यावर.

पहिली अडचण जागेची. त्या काळच्या संगणकात आणि तारेत एवढे आकडे मावत ना. म्हणून जर्मनीतल्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाला जे ऐकू येण्याचा संभव कमी ते टाकून देण्याची युक्ती काढली, तीच एमपीथ्री. नेहमीच्या आकाराच्या एमपीथ्रीत सीडीतल्या आकड्यांचा अकरावा हिस्सा उरतो. युक्ती मोठी हुशारीची आहे, आम्ही तिला नावे ठेवीत नाही. पण टाकलेले परत मिळत नाही. कित्येक लोक एमपीथ्रीचे पुन्हा मोठ्या फाइलीत रूपांतर करतात आणि गुणवत्ता वाढली म्हणून सांगतात. मळीपासून पुन्हा ऊस करता आला असता तर आमचे सगळे तंटे केव्हाच मिटले असते! २००१ साली फ्लॅक नावाची पद्धत आली. ती आकडे घडी घालून ठेवते, टाकून देत नाही. जागा साधारण निम्मी लागते आणि उलगडले की मूळ जसेच्या तसे. सातबाऱ्याची नक्कल जशी असावी तशी ही नक्कल.

दुसरी अडचण वाजविणाऱ्या आज्ञावलींची, आणि आमच्या विषयाचा गाभा तोच. १९९७ साली विनॅम्प नावाचे वादक निघाले आणि घरोघरच्या संगणकावर गाणी वाजू लागली. त्याच वर्षी इंटेल कंपनीने संगणकातल्या ध्वनियंत्रणेसाठी एक ठरीव मान काढले. त्यात आवाज सेकंदाला ४८,००० मोजण्यांनीच धावे. सीडीचे गाणे मात्र ४४,१०० चे. म्हणजे दर १४७ मोजण्या घेऊन १६० करून दाखवावयाच्या. १४७ गाड्या ऊस आला आणि १६० गाड्या भरून दाखवा, असा हा हुकूम. काळजीपूर्वक गणित केले तर लाटेच्या मधल्या उंची अचूक काढता येतात, त्यात खोटे काही नाही. पण स्वस्त यंत्राला घाई असते. ते घाईघाईने मधले आकडे ठोकून देई आणि गाण्यात मुळात नसलेले कर्कश स्वर घुसत. ऐकणारा म्हणे, "संगणकावर गाणे कोरडे वाटते." त्याचे कान बरोबर होते, त्याला कारण ठाऊक नव्हते एवढेच.

वर आणखी एक मध्यस्थ बसलेला. संगणकात एकाच वेळी गाणेही वाजते आणि मध्येच टपालाची घंटाही. या सर्वांना एकत्र करणारा मिसळणारा असतो. तो प्रत्येकाच्या आकड्यांना हात लावतो. ज्यांना हा हात नको होता त्यांनी वेगळे रस्ते काढले. २००२ साली फूबार नावाचे साधे दिसणारे वादक आले, त्याने आकड्यांचा हिशेब चोख ठेवण्यावर भर दिला. आणि २००७ साली विंडोजच्या नव्या आवृत्तीत वादकाला मधल्या मिसळणाऱ्याला वगळून थेट ध्वनियंत्राशी बोलण्याची सोय झाली. चळवळीच्या भाषेत सांगावयाचे तर मुकादम गेला आणि कामगाराशी थेट करार झाला. अर्थात मुकादम गेल्याने मजुरी वाढते असे नाही. कापून घेणारा एक कमी होतो, एवढेच.

तिसरी गोष्ट आवाज लहान-मोठा करण्याची. पडद्यावरची पट्टी निम्म्यावर आणली की जुन्या पद्धतीच्या वादकात पायऱ्याही निम्म्या होतात. सोळाव्या हिश्श्यावर आणा, ६५,५३६ पायऱ्यांपैकी ४,०९६ उरतात. बारीक आलापी शेवटच्या चार पायऱ्यांवर अडखळू लागते. आताची चांगली वादके आतला हिशेब मोठ्या अपूर्णांकांत करतात आणि शेवटी पायऱ्यांवर बसविताना अगदी बारीक, यादृच्छिक अशी खसखस मुद्दाम पेरतात. विनोद वाटेल, पण त्या खसखशीमुळे अडखळणे मोडते आणि मंद स्वरही गुळगुळीत उतरतो. म्हणजे सगळीच खरखर शत्रू नसते. हे आमच्या दुकानदाराला ठाऊक असते तर!

आणि मग ती रंगीबेरंगी पट्ट्यांची ओळ. खर्ज वाढवा, तार वाढवा, सगळेच वाढवा. काटा ६५,५३५ च्या वर जातच नाही. त्यावर जे चढेल त्याचे शेंडे कापले जातात, आणि कापलेल्या शेंड्यांचा आवाज फाटतो. पट्टी वाढवावयाचीच असेल तर आधी एकंदर आवाज तेवढाच खाली आणावा. ही साधी गोष्ट मांडवातल्या पोरांना कळली तर गणपतीत अर्धे गाव झोपू शकेल.

आता खरखर काढण्याच्या आज्ञावलींविषयी. त्यांची रीत अशी: जेथे कोणी बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा दाखवावयाचा आणि सांगावयाचे, "हा कचरा, असा जेथे दिसेल तेथे वजा कर." जे सतत एकसारखे चालते ते तिला कचरा वाटते. फितीची सूं एकसारखी, म्हणून ती जाते. परंतु विचार करा: जात्याची घरघरही एकसारखीच असते.

आपल्या पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या, आणि बर्नार्ड बेल या संगणक जाणणाऱ्या संशोधकाच्या साहाय्याने कित्येक तासांचे गाणे मुद्रितही केले. आज तो संग्रह पारी या संस्थेमार्फत कोणालाही घरबसल्या ऐकता येतो. अशी एखादी ओवी, बाई जात्यावर बसून गात असता मुद्रित झालेली, जर आमच्या दुकानदाराकडे गेली असती, तर त्याने बाई ठेवली असती आणि जाते पुसून टाकले असते. बाईची ओवी त्या घरघरीवर श्वास घेते. खुंटा फिरतो तेथे शब्द लांबतो, दाणे टाकावयास हात जातो तेथे ओळ थांबते. जाते गेले तर पुढच्या पिढीला वाटेल की ही बाई उगाच अडखळत गाते. राबणाऱ्या माणसाच्या गाण्यातून श्रमाचा आवाज वजा करणे याला आम्ही सुधारणा म्हणणार नाही.

श्रोतेहो, एक गोष्ट शेवटी सांगावयाची राहिली, ती सांगताना आम्हांला थोडे जड वाटते. आमच्या पेटीतल्या कॅसेटी आता बऱ्या उतरल्या आहेत. स्क्रू फिरविला, वेग जुळविला, मूळ आकडे फ्लॅकमध्ये हात न लावता ठेविले, आणि ऐकण्यापुरती दुसरी, हलकेच साफ केलेली नक्कल केली. मग ज्यांनी त्या सभा ऐकल्या होत्या अशा निवृत्त सोबत्यांना कचेरीत बोलावले. पाच-सहा जण आले. कॅसेट लावली आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. दोघांच्या डोळ्यांत पाणी आले. तिघे एकमेकांकडे पाहून विचारू लागले, "लावले का?"

ते तिघे गिरणी विभागात आणि टर्बाइनपाशी राबलेले. तेथे तीस-तीस वर्षे राबून त्यांचे कान गेले आहेत, आणि पहिले जातात ते बारीक स्वरच. तोच आमचा 'श'. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबेल ही मर्यादा सांगितलेली आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. नोंदलेला आहे, पण कान तपासून घेतलेले किती जण तुम्हांला भेटले? गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून आपण वादक बदलतो, तारा बदलतो. आणि साखळीतले शेवटचे यंत्र, ज्याला दुसरी प्रत नाही, ते आपण दिवसा कारखान्यात आणि रात्री मिरवणुकीच्या भिंतीपुढे मोडून घेतो. आम्ही युनियनवाल्यांनीही पगारासाठी जितके भांडलो तितके कानासाठी भांडलो नाही. ही आमची चूक आहे आणि ती या व्यासपीठावर कबूल करतो.

त्या दिवशी मग आम्ही खोके ध्वनिवर्धक बाजूला ठेविले, त्या तिघांना एकेक करून कानावर बसणारी श्रवणिका दिली, आणि तरुण सोबत्याने त्यांच्यापुरते बारीक स्वर थोडे वर उचलले, एकंदर आवाज तेवढाच खाली घेऊन. एका म्हाताऱ्याने डोळे मिटले. भाषण संपत आले, वक्त्याने विचारले, "मान्य आहे का?" आणि टेपमधल्या हजार गळ्यांबरोबर कचेरीत बसलेला तो एकटा मोठ्याने "मान्य!" म्हणाला. त्याला वाटले सगळ्यांनीच म्हटले.

तेव्हा आमची विनंती एवढीच. आपल्या घरी माळ्यावर ज्या कॅसेटी, तबकड्या, फिती असतील, पालखीच्या मुक्कामातले भजन असो, आजीची ओवी असो, शाळेच्या संमेलनातले नाटक असो, त्या टाकू नका आणि अधीर होऊन कोणाला साफही करावयास देऊ नका. प्रथम जसे आहे तसे उतरवून घ्या, वर तारीख, गाव आणि गळ्याचे नाव लिहा. खरखर पुढेही काढता येईल; नाव सांगणारा माणूस पुढे असेलच असे नाही.

आमच्या वडिलांना अमर शेखांचे ते मुद्रण आम्ही पुन्हा ऐकविले. या वेळी एमपीथ्रीची नक्कल न घेता एका संग्राहकाकडच्या मूळ तबकडीवरून, वेग जुळवून उतरविलेली प्रत होती. सुईची चटचट तशीच ठेविली होती. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हं. लांबून ऐकतोय असं वाटतं. पण तोच आहे."